आबा, तुम्ही ओरडला नव्हतात

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि काल मी तुमच्या नावावर चक्क थाप मारली. इथं डब्लिनला, लेकीच्या स्वयंपाकघरात, मेथी निवडता निवडता. तुमची पणती शाळेसाठी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दोन पुढाऱ्यांची तुलना लिहीत होती. एक धर्मोपदेशक. मार खाल्ला, तुरुंगात गेला, पण माणसांना ठेवणीतले कपडे घालून, हात न उगारता रस्त्यावर उभं केलं. दुसरा तुरुंगातच पुस्तकं वाचून शहाणा झालेला. त्याचं म्हणणं, हक्काचं आहे ते मागत काय बसता, आणि आधी स्वतःच्या रंगाची लाज सोडा. मीही वाचनालयातच शिकलेली, त्यामुळे माझा जीव त्या दुसऱ्यावर.

"आजी, तुझे बाबा कुठल्या टीममध्ये?" तिनं विचारलं. मी छाती फुगवून म्हणाले, "दुसऱ्या! शाळेत आमच्या वस्तीतल्या मुलांना लांबून ओंजळीत पाणी ओतायचे. आबा हेडमास्तरांवर असे ओरडले, की दुसऱ्या दिवशी भांडं आमच्या हातात!"

"ओ माय गॉड, सो कूल! उद्या प्रेझेंटेशनमध्ये टाकते." झालं! थाप निघाली वर्गात.

तुम्ही ओरडला नव्हतात. इस्त्रीचा सदरा घालून, कामावर जायच्या आधी, रोज सकाळी शाळेच्या दारात तुम्ही हात जोडून उभे राहता. पोरं हसतात, मी मान खाली घालून आत पळते. नवव्या दिवशी हेडमास्तर वैतागून म्हणतात, "घ्या ते भांडं, पण इथून हला!" मी माझ्या हातानं पाणी घेईपर्यंत तुम्ही हलत नाही. आता कळतं, त्या दोघा पुढाऱ्यांची कुस्ती लावण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचा ताठ कणा अंगात असेल तरच पहिल्यासारखं हात जोडून उभं राहता येतं, नाहीतर ती नुसती गयावया.

आज सकाळी पोरीला खरं सांगून टाकलं. बस यायची वेळ, ती भडकलीच. "आजी! अख्खी स्लाइड बदलावी लागेल!" मग थबकली. "नऊ दिवस? रोज? दॅट्स हार्डर, आजी." आणि एका पायात बूट घालून तशीच लिहायला बसली.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तेव्हा वर्गातल्या एकीनं मला विचारलं होतं, दारात उभा आहे तो माणूस कोण गं? मी म्हणाले होते, "माहीत नाही." हे पोरीला नाही सांगितलं.