तुम्ही ओळखलेला डॉक्टर

अण्णा, तो डॉक्टर शेवटी खोटा निघाला. उडणाऱ्या माणसाच्या मालिकेतला, ज्याला तुम्ही पहिल्याच सीझनला नावं ठेवली होती. त्या माणसाला अपघातातून वाचवणारा आणि पुढं प्रत्येक संकटात आधीच हजर असणारा. तो अपघात त्यानंच घडवून आणला होता, हे चौथ्या सीझनला कळलं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, नाहीतर मला हिणवायची ही संधी तुम्ही सोडली नसती.

तेव्हा आपण भोरला त्या दोन खोल्यांत राहायचो. वेल्ह्याच्या गाड्यांवर तिकिटं तपासून आलात की तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ताट घेऊन बसायचात, कारण तिथून टीव्ही दिसायचा. मी म्हणते, बघा अण्णा, माणूस असावा तर असा. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणता, "ह्यो डॉक्टर मला काय खरा वाटत न्हाई. बोलवायच्या आदीच येतोय. म्या गाडीत चढायच्या आदी जो तिकीट हातात धरून बसतो ना, त्याचंच म्या पयलं बगतो." मला राग येतो, कारण त्याच आठवड्यात पासलीचा तो मुलगा, ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं, न सांगता आपल्या दारात तांदळाचं पोतं ठेवून गेलेला असतो. बोलणं डॉक्टरचं होतं, पण रोख कुणावर होता ते मला कळत होतं. ते पोतं तुम्ही कुणाला उघडू दिलं नाहीत. त्यात पोरकिडे झाले तेव्हा आईला म्हणालात, "बगितलंस?" जणू किडे त्यानंच भरून आणले होते. लग्नात तुम्ही अक्षता टाकल्यात आणि न जेवता निघून गेलात. वर्षभरात तर कायमचेच गेलात.

मालिका मात्र चालूच राहिली. भोर-वेल्ह्याच्या चाहत्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, मी त्यात पहिल्या सीझनपासून आहे. दुसऱ्या सीझनला लोक डॉक्टरला देव म्हणत होते. गडाच्या पायथ्याच्या पालीतल्या एकानं तर वर जाणाऱ्यांना दिसावं म्हणून आपल्या चहाच्या टपरीवर त्याचं चित्र लावलं. तिसऱ्याला तोच डॉक्टर कंटाळवाणा झाला, म्हातारा किती बोलतो, काढा त्याला. चौथ्यात त्याचं पितळ उघडं पडलं आणि एका दिवसात सगळे शहाणे झाले. जो तो लिहितो, मला पहिल्यापासूनच संशय होता. माझा काही विश्वास बसेना. शेवटी मुलगी तुमचीच. एक अख्खी दुपार बसून मी जुनं सगळं लिखाण तपासलं. एकालाही संशय नव्हता, अण्णा. टपरीवाल्यानं तर डॉक्टरला पानभर हात जोडले होते. माझंही एक वाक्य सापडलं, "असा माणूस नशिबानं मिळतो." ते मी गुपचूप पुसलं. आता पाचव्यात डॉक्टरला पश्चात्ताप झालाय, तर हीच मंडळी पुन्हा त्याच्यासाठी हळहळतायत. वारा वाहील तशी पाठ द्यायची, दुसरं काय.

पण डॉक्टरला तुम्ही एकट्यानंच ओळखलं होतं, हे पटल्यापासून माझं घरात लक्ष लागेना. एक माणूस तुम्ही बरोबर ओळखलात, मग दुसराही ओळखला असेल की काय? माझा नवरा अजून तसाच आहे, सांगायच्या आत काम करणारा. मी उठायच्या आधी चहा तयार असतो आणि आता मी तो चहा संशयानं पिते. यंदा तो आठवड्यातून तीनदा पासलीला जातो. भावाची कंबर धरलीय, भात कापायला माणूस नाही, म्हणतो. मी खोचून विचारलं तर सहज म्हणाला, "तू पण चल की. तुला कवा न्हाई म्हटलंय?" एवढं तयार उत्तर आलं म्हणून मला आणखीच शंका आली. गेले मात्र नाही.

परवा तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा मोबाईल उघडला. भावाचे फोन, कापणीच्या यंत्रवाल्याचे फोन, खाचरात आडव्या झालेल्या भाताचे फोटो. बाकी काहीही नव्हतं. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण पुढचं तुमच्यासमोर कबूल करायची माझी छाती नाही. काही सापडलं नाही म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. मला वाईट वाटलं, अण्णा, तुम्ही चुकलात म्हणून.