सत्काराचा हंडा

ठाणे

चि. सुनितास,

रंगूताईचा आशीर्वाद. मी लेकीकडे सुखरूप आहे, पोटभर जेवते. माझा घोर लावून घेऊ नकोस. आपल्या पाड्यातल्या नळाला पाणी येतंय ना? खरं लिही.

परवा इथल्या एका संस्थेनं माझा सत्कार ठेवला होता. बाई, मला अजून किळस येतेय. स्टेजवर जायच्या आधी त्यांच्यातल्या एकीनं माझ्यापुढे रिकामा हंडा धरला. म्हणाली, "मावशी, डोक्यावर घ्या. फोटो छान येईल."

आपल्या सूर्यमाळच्या बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरावा म्हणून मी तीस वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि माझा सत्कार हंड्यासकट!

मी म्हटलं, "हंडा भरताना माझी आई विहिरीत पडून मेली."

तिचे डोळे चमकले. "अरे वा, हे भाषणात सांगा ना!"

मी तशीच सभागृहाच्या पायऱ्या उतरून बाहेर आले. ती शाल घेऊन मागे धावली आणि विचारू लागली, "निदान आईचं नाव तरी सांगा, आम्हाला छापायचंय."

मी नाही सांगितलं.

पोरांना जप.

तुझी,
रंगूताई