दोराचं वरचं टोक

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रोपवाटिकेतली नोकरी पक्की झाली. दिवसभर कलमं बांधायची. उजेडात काम करायची सवय नाही, डोळ्यांना सारखं पाणी येतं. घरची आठवण येते का, असं सोबतचे विचारतात. मी उजेडावर ढकलतो. खोलीत एक खाट, एक खिडकी आणि मी.

त्या बंद खाणीत तू अजून रात्री चोरून उतरतोस, मग आता वर दोर कोण धरतं? इथे आणखी एक जागा आहे. ये.

रागावलास तरी लोभ असू दे.
तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मोठा माळीबुवा झालास की! दोर खुंटाला बांधतो. खुंट तुझ्यासारखा जांभया देत नाही. परवा सरकारी साहेब आले होते, खाण सोडा, शिवणकाम शिका म्हणाले. माझे हात बघून त्यांनीच अर्जाचा कागद परत खिशात घातला. दरडीची, पोलिसांची भीती आता अंगवळणी पडली आहे. तुझी वहिनी गेल्यापासून घर खायला उठतं, त्यापेक्षा खाली बरं. आणि कोळसा खणण्याखेरीज मला येतं काय?

जेवत जा.
दादा

७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मालकीणबाई आज खूप रागावल्या. माझी कलमं निसटतात. पट्टी बांधली की माझा हात आपोआप एक हिसका देतो. खालून तुझे दोन हिसके आले, की मी इथेच आहे हे सांगायला वरून एक द्यायचो, तोच. तीस कलमं वाया गेली. बाईंना काय सांगू? तुला खाली एकटं टाकून आलो, हे मनातून जात नाही.

उत्तर लवकर दे.
तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मंगळवारी खाली असताना मी सवयीने दोन हिसके दिले आणि वाट बघत बसलो. खुंट काय उत्तर देणार! आधी हसू आलं, मग रडू कोसळलं. इतकी वर्षं कशाला बधलो नाही, पण वर आपलं कोणी नाही हे कळलं आणि पहार उचलवेना. वर आलो, तो परत उतरलो नाही. साहेबांना हा त्यांच्या भाषणाचा परिणाम वाटतोय. वाटू दे बापड्यांना.

रविवारी दुपारी येतो. माझे हात कलमांना चालतील का, बाईंना विचारून ठेव. नाहीतर पाणी घालीन. लोभ आहेच, तो वेगळा मागत नाही.

आलो की बाहेरून कडी दोनदा ओढीन. दार उघडायच्या आधी आतून एक हिसका दे.
दादा