करंगळीजवळचं बोट

६ जाने. ९२, बेला
ऑफिसातून आलो तर सु. ओट्यावर चौथीचे पेपर तपासत बसलेली. वाचता वाचता तिच्या हातातला लाल पेन चालाले लागला. अंगठ्यापासून निघाला, एकेका बोटावरून लोळत करंगळीपर्यंत गेला आन तसाच परत आला. दोनदा, तीनदा. तिचं लक्षच नव्हतं. मी दारातच उभा.

लग्नाले आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात मी बायकोले माझी गिरकी दाखवली होती, अंगठ्याभोवती एक फेरा. मंडल ऑफिसात तेवढ्यावर माझं नाव आहे. ती म्हणे, छान. आठ महिने छान म्हणत राह्यली बाई, स्वतःले एवढं येते ते सांगतलं नाही.

कोणं शिकवलं, विचारलं. हसली. "मास्तरकीच्या ट्रेनिंगले होतो तवा लय खेळायचो आमी. मी आन प्रभाकर. बोथ गावाले मास्तर आहे आता तो."

७ जाने.
प्रभाकर. किती सहज घेतलं नाव. माझं लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. मग नुसतं अहो. रीत आहे, माहीत आहे मले. माझ्या मायनं बी बापाचं नाव कधी घेतलं नाही. तरी जीव जळते तो जळतेच.

ठरवलं. तिच्यासारखं आलं पाह्यजे. पण तिच्याकडून नाही शिकाचं.

८ जाने.
टेबलावर पंजा सपाट ठेवून एकेक बोट उचलून पाह्यलं. अंगठा, पहिलं, मधलं ठीक. करंगळी बी उठते. तिच्या शेजारचं मात्र मेल्यावानी. त्याले उचलाले गेलं का मधलं आन करंगळी दोघं संगं येतात. पेन तिथंच येऊन पडते. नागन्ना अटेंडर पाहून राह्यला होता. "एमैंदि सार?" काय झालं, म्हणे तेलुगूत. म्हटलं थंडीनं बोटं आखडली.

११ जाने.
शाईचा पेन बाद. शेताच्या उताऱ्याच्या, पहाणीच्या नकलेवर ठिपके उडाले, पूर्ण पान पुन्हा लिहा लागलं. आता बॉलपेन, दोन्ही टोकांले टोपण, म्हणजे वजन सारखं.

सकाळी कोमट पाण्यात हात, मग पाची बोटांवर रबर घालून फाकवणं. डावा बी. सु.ले सांगतलं हात फुटले. तिनं तेल गरम करून आणलं आन चोळून दिलं. लाज वाटली थोडी. मग प्रभाकर आठवला, आन नाही वाटली.

१५ जाने.
संक्रांत. हळदीकुंकवाले बाया आल्या. मी मागच्या खोलीत, गंजभर कोमट पाण्यात हात. शेजारच्या कमलाबाई म्हणे नाव घे सुमन. मी हात हलवाचा थांबलो. सु. म्हणे, "मागंच आहेत, ऐकू जाते त्यायले." सगळ्या हसल्या. नाव काही घेतलं नाही.

नंतर तीळगूळ घेऊन आली. ठेव म्हटलं तिकडं.

१७ जाने.
शाळेचं टपाल आमच्याच ऑफिसातून जाते. आज शिक्का मारता मारता सु.चा हुकूम हाती आला. निर्मल गावाले दहा दिवस, लाकडी खेळणी बनवून पोरायले शिकवाचं ट्रेनिंग. २७ ले सकाळी दहाले हजर राहाचं, नाही तर नाव कटते. दिवाळीपासून वाट पाहून राह्यली ती. काय काय बनवाचं त्याची यादी भिंतीले चिकटवली आहे: मणी, तराजू, घड्याळ, बैलगाडी.

हुकुमात तिच्या वरचंच नाव प्रभाकर, बोथ.

घडी करून या वहीत ठेवला. देतो उद्या.

१८ जाने.
"आलं का हो निर्मलचं?"
नाही म्हटलं. तिच्याशी पहिलं मोठं खोटं. दहा दिवस. जेवाले एका पंगतीत, कामाले एका टेबलावर, पेन हातात. कोणाले सहन होईल?

२१ जाने.
पकडलो गेलो. पेन खाटेखाली पडला, वाकून काढून राह्यलो होतो तेवढ्यात सु. शाळेतून आली. रबर बोटांवर तसंच. हसंल वाटलं. हसली नाही. समोर बसली, माझा पंजा पाटावर ठेवला, मधलं बोट आन करंगळी दाबून धरली. "आता याले एकट्याले उठू द्या. जोर नका लावू."

उठलं. केसभर, पण उठलं.

"प्रभाकरचं बी इथंच अडकायचं," म्हणे. "महिनाभर शिकवलं मी त्याले, तवा जमलं."

म्हणजे तिनं त्याले शिकवलं! मी पंधरा दिवस उलटंच धरून बसलो. मग तुले कोणं? "कोणीच नाही. लहानपणापासून कापूस येचला. बोंडात एकेक बोट आपापलं जाते, सुटी होतात."

लय बरं वाटलं. जेवतानी लक्षात आलं, महिनाभर त्याचं बोट तिनं असंच धरलं असंल. भाकर अर्धी राह्यली.

२४ जाने.
आज गेला! अंगठा ते करंगळी आन परत, न पडता. सु. नं टाळ्या वाजवल्या. बक्षीस मागा, म्हणे. तोंडातून निघून गेलं, नाव घे माझं. उखाणा नको, नुसतं.

तिनं दाराकडं पाह्यलं. कोणी नव्हतं.

"दिगांबर."

चुलीकडं जाता जाता म्हणे, निर्मलहून आली का उलटी गिरकी शिकवते. मग थांबली. "मले विसरले वाटते सायेब लोक. तुमी एकदा टपालात पाहाल का?"

पाहातो म्हटलं.

२६ जाने.
झेंडावंदन करून आली आन भिंतीवरची यादी काढून ठेवली. मी पाह्यलं. रडली असती तर बरं झालं असतं.

हुकूम १७ तारखेच्या पानातच आहे. वर आमच्या ऑफिसचा शिक्का, १७ चाच, माझ्या हातचा. दिला तर तिले सगळं समजते. नाही दिला तर उद्या दहाले नाव कटते. निर्मलले आदिलाबादवरून जा लागते, तिकडची पहिली गाडी सकाळी सहाले.

सु. आली. वह्या तपासाच्या राह्यल्या, पेन द्या म्हणे. म्हटलं दोन ओळी राह्यल्या. "एवढं काय लिहून राह्यले?" समोरच बसली आहे, हात पुढं करून. माझ्या एका हातात पेन, दुसऱ्या हाताखाली हुकूम. काहीतरी एक द्या लागते आता