धुक्यातलं पिवळं कार्ड

१३ जानेवारी, रविवार

थांबवला! बासष्टाव्या मिनिटाला सामना थांबवला. धुकं. आणि आम्ही एक-शून्यने पुढे होतो — नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच पुढे होतो!

पंचांचं म्हणणं, मधल्या रेषेवरून दोन्ही गोलपोस्ट दिसले पाहिजेत. त्यांना एकही दिसत नव्हता. आमचे जावईबापू — मागच्या फळीचा कणा, पाठीवर पाच नंबर — तावातावाने त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "मला दिसतंय की सगळं!" पंच म्हणाले, "मग हेही दिसत असेल," आणि पिवळं कार्ड नाकासमोर धरलं. आमचे सगळे खेळाडू हसले. मी हसलो नाही. जावई आहे.

घरी येऊन क्लबच्या वहीतलं — गोल, कार्डं सगळं त्यातच — आजचं पान फाडून टाकलं. सामना पुन्हा खेळवणार, म्हणजे आजचा झालाच नाही. एक सामना, एक पान. अकरा वर्षं क्लबचा सेक्रेटरी आहे, वहीत अर्धवट पान कधी राहू दिलेलं नाही. ही म्हणाली, "पानं फाडून गुण मिळत असते तर आपण पहिले असतो."

आहोत अकरावे. बारा संघांत. शेवटचे दोन चौथ्या डिव्हिजनमध्ये जातात, आणि नगरपालिकेच्या करारात स्वच्छ लिहिलंय — मैदान तिसऱ्या डिव्हिजनपर्यंतच्याच क्लबला. खाली गेलो की मैदान गेलं. मैदान गेलं की एकसष्ट वर्षांचा क्लब गेला.

१५ जानेवारी, मंगळवार

दुकानात एका बाईंच्या चष्म्यात डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. त्या घालून दारापर्यंत गेल्या आणि चौकटीवर आदळल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. डोक्यात सतत गुणतक्ता.

२० जानेवारी, रविवार

जिंकलो! जिंकलो!! एक-शून्य!

आणि गोल कोणाचा? जावईबापूंचा! अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर, सगळ्यांच्या वर त्यांचं डोकं, चेंडू जाळ्यात. मुलगी बाकावर चढून ओरडत होती. मी माझ्या शेजारच्या माणसाला मिठी मारली, नंतर कळलं तो त्यांच्याकडचा होता.

हरला तो पोस्टातल्या बाईंचा संघ. बाई त्यांच्या क्लबच्या सेक्रेटरी, तिकडच्या पोस्टात खिडकीवर बसतात. तेही आमच्यासारखेच तळाला. सामना संपल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांच्या खेळाडूंच्या यादीवर सह्या केल्या. म्हणाल्या, "जावई चांगला शोधलात हो. आमच्याकडे एकही कामाचा नाही." हसतच म्हणाल्या, पण डोळे ओले होते.

आम्ही दहावे! आज वहीतलं पान बघत बसावंसं वाटतं. सुरेख अक्षर आलंय.

३ फेब्रुवारी, रविवार

चार-शून्य. हरलो. लिहिण्यासारखं काही नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

फुटबॉल संघटनेकडून धुक्यातल्या सामन्याची नवी तारीख आली. सोबत पंचांच्या त्या दिवसाच्या अहवालाची प्रत. शेवटची ओळ — "क्रमांक पाच, पिवळे कार्ड. नियम एकोणीस पाहावा."

पाहिला. "सामना थांबल्यास निकाल रद्द होतो. दाखवलेली कार्डे कायम राहतात."

कायम राहतात.

जावईबापूंची आधीची तीन होती. धुक्यातलं चौथं. चार झाली की पुढचा सामना बाहेर बसायचं. पुढचा सामना म्हणजे वीस जानेवारी. आणि वीस जानेवारीला ते नुसते खेळले नाहीत, गोल मारून बसलेत! यादीखाली सही माझी.

पान मी फाडलं. दुसऱ्या कोणी नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार

तीन वेळा मोजलं. चारच.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

शांतपणे लिहून काढतो. म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

आमच्या डिव्हिजनमध्ये कार्डं संघटना मोजत नाही. ज्याचा तो सेक्रेटरी मोजतो, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात. तक्रार आली तरच तिकडे कपाट उघडतं. तक्रार आलेली नाही. म्हणजे जगात ही गोष्ट मला एकट्यालाच माहीत.

सांगितलं तर — सामना आम्ही हरल्यात जमा. आमचे तीन गुण जातील, बाईंच्या संघाला तीन मिळतील. मी सेक्रेटरी म्हणून बाद. ते सोसेन. पण लोक काय म्हणतील? चुकून झालं म्हणतील? "जावयाला बसवायचं जिवावर आलं, म्हणून पान फाडलं." कोणीही हेच म्हणेल. मीसुद्धा म्हटलं असतं!

डोकं काही ठिकाणावर आलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

सामन्याआधी फिटरला बाजूला घेतलं. फिटर म्हणजे आमचा प्रशिक्षक, बस डेपोत इंजिनं खोलतो. म्हटलं, "आज जावईबापूंना बसवू या का? दमलेत." उशिरा का होईना, शिक्षा भोगून झाली असं निदान माझ्या मनाला तरी वाटेल.

फिटर बघतच राहिला. "दमलेत? सेक्रेटरी, मागे तो एकटा उभा राहतो. बाकीचे हवा खायला येतात. त्याला बसवतो, तुम्ही बूट घाला!"

बाजूलाच जावईबापू मोजे चढवत होते. त्यांना विचारलं — अगदी सहज विचारल्यासारखं — "किती कार्डं झाली हो तुमची?" हसले. "मोजायचं काम तुमचं, बाबा. माझं काम घ्यायचं." किती विश्वासाने म्हणाले! दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात, बोल्ट तीनदा तपासतात. माझं मात्र एकदाही तपासत नाहीत.

एक-एक बरोबरी. सहाला नेहमीसारखा बाईंचा फोन. दोन्ही निकाल ताडून बघायची आमची जुनी पद्धत. म्हणाल्या, "आवाज बसलाय तुमचा." मी म्हटलं, ओरडलो फार.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

हिला सांगितलं. राहवेना. भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला झोप लागत नाही म्हणून अख्ख्या क्लबला जागवणार का?"

मी म्हटलं, "अगं, पण खोटं आहे ना ते."

"खोटं कधी होतं? तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

"आता आहे ना."

तिने पुढची जुडी ओढली. म्हणाली, "पोरीला हे कळता कामा नये. तो गोल तिने भिंतीवर लावलाय." खरंच लावलाय. फोटो — जावईबापू हवेत, मागे जाळं. जेवायच्या टेबलासमोर. तिकडे जेवायला गेलो की मी पाठ करून बसतो.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

फजिती. लिहायलाही लाज वाटते.

क्लबच्या अध्यक्षांना सांगून मोकळं व्हायचं ठरवलं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दवाखान्यात शिरलो, म्हटलं, "डॉक्टर, जरा बोलायचं होतं." ते म्हणाले, "बसा ना, बोलता बोलता बघून टाकतो." नको म्हणेपर्यंत खुर्ची मागे झुकली, दिवा तोंडावर, आणि तोंडात कापूस!

मग तेच बोलले. अर्धा तास. नगरपालिकेत दोनदा जाऊन आलेत. मैदानावर वाहनतळ करायचा घाट आहे, साहेब म्हणतो तुम्ही एकदा खाली गेलात की आमचा प्रश्न सुटला. "पण मी त्यांना ठणकावून सांगितलं. म्हटलं, आमच्या सेक्रेटरीच्या कागदात फट सापडणार नाही तुम्हाला! बरोबर ना? आ करा. मोठा."

मी आ केला. काय करणार?

बाहेर आलो तेव्हा दात स्वच्छ झाले होते आणि बोलायचं होतं ते सगळं पोटात तसंच. भित्रा आहे मी. हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहायची हिंमत नाही.

३ मार्च, रविवार

धुक्यातला सामना पुन्हा झाला. लख्ख ऊन. दोन-दोन. हे पान पूर्ण भरलं.

१७ मार्च, रविवार

हरलो. बाईही हरल्या. सहाला त्यांचा फोन. त्या म्हणाल्या, "आपल्या दोघांपैकी एकालाच राहता येणार, नाही का?" मी म्हटलं, असं दिसतंय खरं. "राहील तो राहो. सामने मात्र स्वच्छ झाले यंदा, हे बरं." फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्यांना संशय असेल का? नाही, बाईंचा स्वभाव तसा नाही. टोमणा मारायचा तर त्या सरळ मारतात. मग असंच का म्हणाल्या? नेमकं असंच?

२४ मार्च, रविवार

जिंकलो. मला आनंद झाला. मग आनंद झाला याचंच वाईट वाटलं. ही म्हणते, "तुम्ही आता ना धड जिंकू शकत, ना धड हरू."

३१ मार्च, रविवार

हंगाम संपला. शेवटचा सामना शून्य-शून्य.

वाचलो. आमचे एकवीस गुण, दहावे. बाईंचे वीस, अकरावे. ते खाली गेले.

शिट्टी वाजली तशी लोक मैदानात घुसले. फिटर रडत होता — तो फिटर, ज्याने बोट यंत्रात सापडलं तेव्हा हूं का चूं केलं नव्हतं. डॉक्टर नाचत होते. कोणीतरी ओरडलं, "सेक्रेटरींना उचला!" आणि उचललं. जावईबापूंच्या खांद्यावर मी! खाली बघतो तर सगळे माझ्यासाठी टाळ्या वाजवताहेत. म्हटलं, उतरवा, चक्कर येतेय. त्यांना वाटलं गंमत करतोय, आणखी एक फेरी मारली.

एकविसातून तीन गेले तर अठरा. विसात तीन मिळवले तर तेवीस. खांद्यावर बसून मी एवढंच करत होतो.

सहाला फोन वाजला नाही.

२ एप्रिल, मंगळवार

वार्षिक सभा वीस तारखेला. सभेत गुणतक्ता मंजूर झाला की मग कोणालाच काही करता येत नाही. नियम तेवीस. अठरा दिवस. अठरा दिवस गप्प बसायचं, की झालं. आठ आठवडे बसलोच आहे.

७ एप्रिल, रविवार

आज बाईंचा फोन आला. सहालाच. सामना नाही, निकाल नाही, तरी आला.

"सवय हो," म्हणाल्या. "मागच्या रविवारी नाही केला. बोलताच आलं नसतं. अभिनंदन."

मी काहीतरी पुटपुटलो.

त्यांच्या संघातले सहाजण सोडून चाललेत. चौथ्या डिव्हिजनमध्ये खेळायला कोणी तयार नाही. बाकीच्यांना घेऊन क्लब चालवता येईल असं त्यांना वाटत नाही. "बत्तीस वर्षं नवऱ्याने चालवला, त्यांच्यानंतर नऊ मी. मला खेळातलं फार कळतही नव्हतं हो. रविवारी घर खायला उठायचं, म्हणून गेले एकदा मैदानावर." मग म्हणाल्या, "तुमच्या जावयाचं डोकं अर्धा इंच बुटकं असतं तर!" आणि हसल्या. मनापासून हसल्या.

त्या क्षणी सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. म्हटलं, "काळजी घ्या."

काळजी घ्या! शरम वाटते.

संध्याकाळभर हिच्याशी बोललो नाही. बिचारीचा काय दोष? तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझं ताट वाढून झाकून ठेवलं.

९ एप्रिल, मंगळवार

डॉक्टर दुकानात आले. नगरपालिकेने करार पाच वर्षं वाढवायचं कबूल केलं. सभेनंतर सह्या. मला पेढ्यांनी नव्हे, चष्म्याच्या ऑर्डरीने खूश केलं — स्वतःसाठी दोन. दोन्हींचे नंबर मी चारदा तपासले.

१२ एप्रिल, शुक्रवार

संघटनेचं पत्र. पाकीट बघूनच वाटलं — सापडलो! तसं नव्हतं. पुढच्या हंगामापासून शिस्त समितीवर माझी नेमणूक. कार्डांच्या तक्रारी तपासायला. नाव पोस्टातल्या बाईंनी सुचवलं. खाली त्यांचं कारणही छापलंय — "यांची सही असली की मी यादी कधी वाचली नाही."

संघटनेला आभाराचं पत्र लिहायला बसलो. "आपला आभारी आहे" एवढं लिहिलं. त्याखाली तेरा जानेवारी लिहिलं, वीस जानेवारी लिहिलं, फाडलेलं पान लिहिलं, सही केली. हिला वाचून दाखवलं. पाकिटाला तिकीट तिनेच लावलं.

पाच वाजता कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. लगेच हात आत घातला, परत काढायला. मनगटापर्यंत जातो. पुढे जात नाही.