नुसतं पाणी उकळलं होतं

बाबा, आज सकाळी माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर जास्त, जेवणानंतरची त्याहून जास्त, आणि खाली कोलेस्टेरॉलच्या रकान्यात दोन आकडे ठळक छापलेले. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची आहे. तिनं विचारलं, "काकू, घरात कुणाला होता का डायबेटिस?" म्हटलं, वडिलांना. "मग ते कशानं गेले?" मी म्हटलं, हार्टनं. तिनं तेवढं लिहून घेतलं आणि पुढचं विचारू लागली. मी घरी आले, पिशवी तशीच खुर्चीवर ठेवली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ बोलले आहे, पण कागदावर एक अक्षर कधी लिहिलं नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी हे सगळं सुरू झालं. भिवंडीतल्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात ना, मागच्या भिंतीला लागूनच लूमचे कारखाने, खडखड इतकी की घरातही आपण ओरडूनच बोलायचो आणि बाहेरची माणसं आपल्याला भांडखोर समजायची. मोरीत तुम्ही जिथे जायचात तिथे मुंग्या लागतात हे पहिल्यांदा आईनं पाहिलं. तुम्ही तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचात, शर्ट खांद्यावर सैल झाला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि सांगितलं, साखर आहे. रोज एक गोळी, साखर-गूळ बंद, भात-भाकरी मोजून. शिवाय निळ्या पाण्याची एक बाटली, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा घ्यायला लावला. निळं पाणी एक चमचा, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर फार. मी कॉलेजात सायन्सला होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आई तर त्या नळीच्या जवळ फिरकायची नाही.

चहातली साखर तुम्ही त्याच दिवशी सोडलीत आणि त्याचा तुम्हाला केवढा अभिमान होता. कारखान्यात चहा आला की "आपला बिनसाखरेचा" असं मोठ्यानं सांगायचात. पण भात सुटेना. पडघ्याच्या पलीकडचं आपलं गाव, जिथे सकाळी भात, दुपारी तांदळाची भाकरी आणि संध्याकाळी पुन्हा भात. डॉक्टरांनी मोजून म्हटलं होतं, ते तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. "भातात कुठं साखर हाय?" असं म्हणायचात. नळी रोज विटेसारखी लाल, आणि तुम्हाला कळेना की साखर सोडूनही साखर येते कुठून.

तो रविवार मला अजून दिसतो. तुम्ही पाटावर बसला आहात, आई स्टोव्हपाशी आहे, आणि मी तुमच्या ताटातला कोरा भात पुढे सरकवते. "बाबा, एक घास घ्या, पण गिळू नका. नुसता चावत राहा." "कशाला गो?" "घ्या तर." तुम्ही चावताय, आई हसतेय, म्हणतेय बापाचं माकड केलंस. मी तुमच्या तोंडाकडे बघत बसले आहे. बऱ्याच वेळानं तुमच्या कपाळावर आठी येते. "गोड लागतंय," तुम्ही म्हणता. "साखर घातलीस का गो?" मी सांगते की आम्ही हे कॉलेजात नळीत करून पाहिलं, थुंकीनंसुद्धा भाताची साखर व्हायला लागते, पोटात गेल्यावर तर सगळ्याच भाताची होते, भाकरीची पण. तुम्ही ताटाकडे बघत राहता. मग हळू आवाजात म्हणता, "म्हंजे चहातली चमचाभर सोडून मी ताटभर साखर खातोय." आई म्हणाली, मग माणसानं खायचं काय? पण तुम्ही ताटातला अर्धा भात उचलून परत पातेल्यात टाकलात. माझं ऐकून. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीचं.

त्यानंतर नियम तुम्हीच ठरवलात. एक वाटी भात, एक भाकरी, बाकी डाळ, भाजी, मासळी. सकाळी रंग निळा किंवा हिरवा आला तर संध्याकाळी आणखी एक वाटी, पिवळा किंवा त्यापुढचा आला तर नाही. त्यामुळे रोज सकाळी तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचात, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे. "काय गो, कंचा रंग आला?" नळी तुम्ही कधी हातात मागितली नाहीत. जवळचं अंधुक दिसतंय अशी तुमची तक्रार होतीच, आणि माझ्या सांगण्यावर तुमचा विश्वास होता. दोन-अडीच महिन्यांत रंग खरोखर हिरव्यावर आला. पण तुम्ही भुकेलेले असायचात. आई कधी कधी माझ्यावर चिडायची, "बापाला उपाशी मारशील तू." तुम्ही तिला गप्प करायचात.

त्याच सुमारास तुम्ही मला कॉलेजच्या पांढऱ्या कोटासाठी कापड आणलंत. कारखान्यात तुमचं काम कापड तपासायचं. ताग्यामागून तागा तिरप्या टेबलावरून ओढायचा आणि तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग शोधायचा. तुम्ही म्हणालात, पुऱ्या महिन्यात एवढा बिनखोडीचा तुकडा बघितला न्हाय, सेठला सांगून घेतला. शिंप्यानं कोट शिवला. मी घातला, आणि मैत्रिणीनं पाठीवर बोट फिरवून दाखवलं की मधोमध एक धागा गायब आहे, वरपासून खालपर्यंत बारीक फट. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, ते ठीक. पण त्या दिवशी मला कळलं होतं की तुमचे डोळे जातायत, आणि ते मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर काका गावाहून नवा तांदूळ घेऊन आले. आईनं तो शिजवला तेव्हा वास दोन्ही खोल्यांत भरला. तुम्ही त्या दिवशी एका वाटीवर उठलात, पण आधीचे दोन दिवस गावाला काकांकडे राहून त्यांच्याबरोबरच परत आला होतात, तिथे काय खाल्लंत देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी नारिंगी झाली. तुम्ही दारात. "काय गो, कंचा रंग?" मी म्हटलं, "हिरवा." तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरलेले नाही. "मग आज दोन वाट्या," तुम्ही आईला ओरडून सांगितलंत. त्या दिवशी मला तुमची दया आली होती, असं मी मानते. तेवढं मला मानू द्या.

पुढच्या दिवसांत मात्र दया नव्हती. मला त्या कामाची किळस येत होती, बाबा. तुमची बाटली उचलायची, थेंब मोजायचे, तो उकळल्यावरचा वास. कॉलेजात गेल्यावरही हाताला वास येतोय असं वाटायचं. अभ्यास वाढला होता, सकाळचा तो वेळ मला हवा होता. एके दिवशी मी लघवी तशीच मोरीत ओतली आणि नळीत नळाच्या पाण्याचे आठ थेंब घातले. दिवा लावला, कारण दिव्याचा उजेड तुम्हाला दारातून दिसायचा. नुसतं पाणी उकळलं होतं. निळंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. रोज निळा म्हटलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही म्हणून आठवड्यातून दोनदा "जरासा हिरवा" म्हणत असे. हे उन्हाळ्यापर्यंत चाललं. तुम्ही रोज दोन वाट्या, मग तीन वाट्या खाऊ लागलात, मजेत होतात. दवाखान्यात जायचंही सोडलंत. अर्धी ड्युटी बुडवून कशाला जायचं, घरीच तर कळतंय.

फेब्रुवारीत एकदा तुम्ही डबा विसरलात म्हणून मी कारखान्यात आले. लूमच्या आवाजात मला आधी काही ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. सेठ टेबलापाशी उभे, तागा उलगडलेला, आणि तुम्ही खाली मान घालून. जवळ गेले तेव्हा ते म्हणत होते, "ये थान आपने पास किया? पूरे में धागा टूटा है, देखो. आप आँख दिखा लो, चाचा. शुगर तो नहीं बढ़ी?" माणूस वाईट नव्हता, आवाज चढवला नव्हता. तुम्ही मान वर केलीत. "शुगर बराबर है सेठ. मेरी लडकी रोज देखती है. सायन्समें है." आणि मग तुम्हाला मी दिसले, आणि तुम्ही माझ्याकडे हात केलात, ही बघा म्हणून. सेठ माझ्याकडे बघून हसले. मी डबा टेबलावर ठेवला आणि पळाले. त्या संध्याकाळीही मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाणीच उकळलं. एकदा खरं तपासलं असतं तर एकाएकी लाल कुठून आला ते सांगावं लागलं असतं.

उन्हाळ्यात तुमच्या अंगठ्याला चप्पल लागली आणि फोड आला. दुखत नव्हता, म्हणून तुम्ही चिंधी बांधून कामावर जात राहिलात. साखर चांगली हाय, बरा होईल, म्हणायचात. बोट काळं पडलं तेव्हा मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तुमचं रक्त काढून नळी उभी करून ठेवली होती, ती आणून आम्हाला दाखवली. वरच्या थरावर दुधासारखं पांढरं साचलं होतं. "ही चरबी," ते म्हणाले. "साखर अशी सुटली की रक्तातली चरबी साफ होत नाही, आणि भात-भाकरी गरजेपेक्षा जास्त झाली की शरीर त्याचीही चरबी करतं. दोन्ही मिळून नसा बुजवतात. घरी लघवी तपासत नव्हता का?"

"व्हय तर," तुम्ही म्हणालात. "रोज. पोरगी बघते."

त्यांनी मला विचारलं, काय रंग यायचा? मी म्हटलं, निळा. कधी हिरवा. त्यांनी पुन्हा रक्ताच्या नळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शक्यच नाही. ते औषध जुनं झालं असेल. बाटली उघडी राहायची का?" बाबा, त्यांनी मला वाट काढून दिली आणि मी त्या वाटेनं गेले. "असेल," मी म्हटलं. तुम्ही खाटेवरून लगेच म्हणालात, "औषधाचीच खोड, डॉक्टरसाहेब. पोरगी चुकायची न्हाय."

अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. कापड तपासायचं काम गेलं, सेठनी तुम्हाला फाटकापाशी खुर्चीवर बसवलं. मी नवी बाटली आणली आणि रोज खरं तपासू लागले, नळी तुमच्यासमोर उजेडात धरू लागले. तुम्ही एक वाटी भात घेऊन अर्धा तास चावत बसायचात. रंग हिरव्यावर आला तेव्हा म्हणालात, "ही बाटली चांगली निघाली गो." मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी एका दुपारी शिफ्ट बदलताना यूपीचा एक कामगार धावत आला, "चाचा गिर गए." आम्ही पोहोचेपर्यंत तुम्ही गेला होतात. डॉक्टरांनी आईला समजावलं की हृदयाच्या नसा काही महिन्यांत बुजत नाहीत, हे वर्षांचं साचलेलं असतं. मीही तेच वाक्य पन्नास वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पण फोड आला तेव्हा साखर लाल आहे हे तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही चिंधी बांधून कामावर गेला नसता, हेही खोटं नाही.

आज ती डॉक्टरीण मला म्हणाली, "काकू, भात बंद नका करू. मोजून घ्या, सोबत डाळ आणि पालेभाजी भरपूर घ्या, मग साखर एकदम चढत नाही. ती ताब्यात राहिली, तळलेलं-तुपकट कमी झालं, की हे चरबीचे आकडेपण उतरतील. आणि रोज चाला." इतकं साधं, इतक्या सहज सांगितलं तिनं. तेव्हा आपल्या घरात भात एक तर ताटभर होता नाही तर बक्षीस होता, आणि ते बक्षीस माझ्या हातात होतं. ती चिमुरडी बोलत असताना तुम्ही शेजारच्या खुर्चीवर असायला हवे होतात.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. लेकीला सांगावं असं मनात येतं, पण ती लगेच माझी समजूत घालेल, आणि समजूत मला नको आहे. आई तुमच्यामागे एकोणतीस वर्षं जगली. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की पोरीनं बापाचं फार केलं. ती गेली त्या दिवशी मी खूप रडले, सगळ्यांनी पाहिलं. पण रडता रडता मला थोडं सुटल्यासारखं वाटलं, बाबा. तिला सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगावं लागणार नव्हतं.