पट्टीची गाठ

मंगळवार, संध्याकाळ

बाबांच्या टाचेच्या पट्टीला गाठ होती. मी गाठ मारत नाही, चिकटपट्टी लावते. सोडून पाहिलं तर जखमेत अंगारा! मधुमेहाची जखम, पाय राहील की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत, आणि मी कामावर असताना आत्यानं हा उद्योग केला. फोन केला तर म्हणते, "वाडीच्या दत्ताचा हाय. काय हुत न्हाय की!"

सलाइननं धुतलं. बाबा कळवळले.

"तिला नको का नाही म्हणालात?"

"वाईट वाटलं असतं की गं तिला."

मला मात्र पट्टी बदलताना रोज नको म्हणतात!

ती गाठ डोक्यातून जात नाही. नव्या पट्टीवर पेनानं लिहिलं: आत्या, हात लावू नकोस.

बाबा म्हणाले, "पूस ते. काय म्हणंल ती?"

मी तीच अक्षरं पुन्हा गिरवली. जाड.